दीड टीएमसी कुणाच्या वाट्याचं?

मे महिन्यात मामाकडे जांबोटीला गेलो होतो. अंगणात बसून मोबाईलवरची म्हादईची बातमी मोठ्यानं वाचत होतो. मामा सुपारी कातरत म्हणाला, "गोवा म्हणतंय नदी आमची, बंगळूर म्हणतंय पाणी आमचं. आमाला कोण इचारलंय?"

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. लवादाचा निवाडा परीक्षेपुरता वाचलेला. त्या रात्री पुन्हा उघडला, या वेळी खानापूर तालुक्याचा माणूस म्हणून.

१४ ऑगस्ट २०१८ चा तो निवाडा. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. आता कर्नाटकाच्या आकड्याची फोड बघा. ८.०२ टीएमसी वीजप्रकल्पासाठी. कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८, म्हणजे ३.९० टीएमसी, मलप्रभेत वळवायचं. उरलं १.५०. ते म्हादईच्या खोऱ्यातच वापरण्यासाठी आहे. कर्नाटकातलं म्हादईचं खोरं म्हणजे आपला खानापूर तालुका. ३.९० साठी नरगुंद, नवलगुंदात बंद झाले, रस्ते अडले, २०१६ च्या जुलैत जाळपोळ झाली. दीड टीएमसीचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मीही परीक्षेत तो आकडा लिहून विसरलो होतो.

आता कुणी म्हणेल, हुबळी-धारवाडची माणसं तहानलेलीच राहू देत काय? मुळीच नाही. ती तहान खरी आहे, आणि नरगुंदचा शेतकरी आपला वैरी नाही. १९८० साली मलप्रभेच्या लाभक्षेत्रातल्या याच शेतकऱ्यांवर पाणीपट्टी-कराच्या आंदोलनात गोळ्या चालल्या. हलक्या पाण्याच्या पिकांसाठी आखलेल्या कालव्यावर ऊस उभा राहिला आणि शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचेना. त्या उसाचा हिशेब न मागता सरकार थेट कणकुंबीच्या जंगलात कुदळ घेऊन आलं.

आणि जंगल कुठलं? मलप्रभा उगम पावते कणकुंबीत. म्हादई उगम पावते देगावच्या रानात. दोन्ही नद्यांची आई एकच, खानापूरचा घाट. पावसाळ्यात कोसळणारं पाणी धरून ठेवतं ते हे रान, आणि उन्हाळ्यापर्यंत पाझरत ठेवतं तेही हेच. म्हणजे मलप्रभेला पाणी द्यायचं म्हणून मलप्रभेचाच पाणलोट उकरायचा. दूध वाढवायला गाईचं आचळ कापण्यातला हा प्रकार आहे. २००६ साली कणकुंबीत काम सुरू झालं तेव्हा डोंगराला पडलेली चर आपल्यातल्या अनेकांनी गोव्याला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलीय. पाहिली आणि पुढं गेलो.

"पाणी समुद्रात वाया जातं" हे वाक्य तर आपण शाळेपासून ऐकतो. म्हादई गोव्यात मांडवी होते. वरून गोडं पाणी कमी आलं की भरतीचं खारं पाणी आत सरकतं आणि खाजन शेती जळते. त्यात वाया काय गेलं? गोव्यात म्हादई बचाव अभियानानं हे वर्षानुवर्षं सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगानं कर्नाटकाच्या आराखड्याला हिरवा कंदील दिला, तेव्हा जानेवारीत साखळीजवळ विर्डीत लोक हजारोंनी जमले. पण गोव्याचं सरकारही धुतल्या तांदळासारखं नाही. नदीला आई म्हणायचं आणि तिच्याच खोऱ्यात लोहखनिजासाठी डोंगर पोखरायचे, हे त्यांनी केलंय. महाराष्ट्रालाही दोडामार्गात धरण हवंच आहे. तिन्ही राज्यं निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलीत. तिघांच्याही वकिलांना नदी टीएमसीत दिसते.

सगळ्यात चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. तेव्हापासून आतल्या गावांनी रस्ता मागितला, पूल मागितला, वीज मागितली की उत्तर एकच : वन कायदा आहे. आजाऱ्याला खांद्यावरून न्यायचं, कारण कायदा आहे. तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देऊन जंगलाबाहेर आणणं सुरू झालंय, वाघांसाठी. ठीक आहे, वाघ हवेत. पण मग त्याच रानाच्या कुशीत बंधारा, पाइपलाइन, पंपघर चालतं कसं? माणसाच्या पायवाटेनं जे जंगल बिघडतं, ते जेसीबीनं सुधारतं काय?

आणि आपण? १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीत चालतो, मीही चालतो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा कोर्टात पडून आहे म्हणून हळहळतो. पण गाव महाराष्ट्रात जायला पाहिजे म्हणताना त्या गावाची विहीर कशावर भरते हे विचारत नाही. उद्या निकाल आपल्या बाजूनं लागला आणि ओढे आटलेले असले, तर काय मिळवलं? आपले नेते पाटीच्या भाषेवरून रस्त्यावर येतात, कळशावर मात्र एक पत्रक काढून गप्प बसतात. पाण्याला भाषा नसते म्हणून गप्प बसता काय? जिथं हे पाणी उगम पावतं तिथली माणसं मराठीच बोलतात की!

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागूया. दीड टीएमसीतलं किती पाणी कुठल्या गावाला, कधी, हे सांगा. आमच्या हद्दीत किती झाडं आणि किती जमीन जाणार, हे सांगा. आणि हे सगळं मराठीत द्या. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे केंद्रानं १९५६ सालापासून मान्य केलंय. भाषेचा हक्क आणि पाण्याचा हक्क इथं एकाच अर्जावर येतात.

ठराव करून घ्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या, शिक्क्याची प्रत ठेवा. मामाला मी अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "सही कुठं करायची ते सांग." जांबोटीची पहिली सही झाली. आता तुमच्या गावची?