टेनिसचे कोर्ट कोणाच्या मालकीचे?

चीनमधील हांगझोऊ येथे ३० सप्टेंबर २०२३ रोजी आशियाई क्रीडास्पर्धांतील टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले या जोडीने चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा जिंकला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेऊन सुवर्णपदक मिळविले. श्रीरामपूरला जन्मलेल्या मुलीने आशियातील सर्वांत मोठ्या क्रीडामेळ्यात सोने जिंकले, याचा महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो रास्तच होता. पुढचे सारे ठरलेल्या रीतीने पार पडले. सत्कार झाले, बक्षिसांच्या घोषणा झाल्या, पुढाऱ्यांनी आपापली छायाचित्रे काढून घेतली. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हे खेळाडू वाढतात ते कोणाच्या मैदानावर?

ऋतुजा भोसले यांच्या घडणीत त्यांचे आईवडील आणि येथील प्रशिक्षक यांचा वाटा मोठा आहे. तो कोणी नाकारणार नाही. परंतु उमेदीच्या वयातील काही वर्षे त्या अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, हेही खरे. त्याआधी २०१० साली ग्वांगझू येथे सोमदेव देववर्मन यांनी उझबेकिस्तानच्या डेनिस इस्तोमिनला हरवून पुरुष एकेरीचे सुवर्णपदक आणले होते. सोमदेव हे व्हर्जिनिया विद्यापीठाचे विद्यार्थी. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी अमेरिकन आंतरविद्यापीठ एकेरी अजिंक्यपद जिंकले होते. ग्वांगझूला दुहेरीत त्यांच्यासोबत सुवर्ण जिंकणारे सनम सिंग हेही त्याच विद्यापीठाचे. २०१४ साली इंचॉन येथे सानिया मिर्झा यांच्या साथीने मिश्र दुहेरी जिंकणारे साकेत मायनेनी अलाबामा विद्यापीठात शिकलेले.

आता गंमत अशी, की ही तिन्ही विद्यापीठे त्या त्या राज्याची सार्वजनिक विद्यापीठे आहेत. ज्या देशाला आपण भांडवलशाहीचे माहेरघर म्हणतो, त्या देशातील सार्वजनिक शिक्षणसंस्थांच्या कोर्टांवर आपल्या आशियाई सुवर्णपदकांपैकी काही पक्व झाली आहेत. अमेरिकन विद्यापीठांतील क्रीडाव्यवस्थेवर बाजाराची गडद छाया आहे, तिचा संसार बव्हंशी फुटबॉलच्या तिकिटांवर आणि दूरचित्रवाणीच्या पैशांवर चालतो, तेथील शिक्षण सामान्य कुटुंबाला कर्जात बुडविते, हे सारे मान्य. तरीही १९७२ साली तेथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेस स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्याने ठरविले. विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. अमेरिकन स्त्रियांच्या चळवळीने लढून टिकविलेल्या या हक्काचा लाभ समुद्रापलीकडच्या मुलींनाही मिळाला. कायद्याने उघडलेले दार किती दूरवरच्या माणसाला उपयोगी पडते याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडे काय आहे? जुन्या महाविद्यालयांच्या आवारात टेनिसचे एखादे कोर्ट असे; प्राचार्य आणि इंग्रजीचे प्राध्यापक संध्याकाळी तेथे खेळत. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील अशा एका कोर्टावर आज दुचाक्यांचा तळ आहे. जाळ्याचे दोन खांब शिल्लक आहेत, त्यांना फलक बांधतात. एका कोर्टाला भोवतालच्या मोकळ्या जागेसह सुमारे १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद जमीन लागते. शहरात एवढी जमीन दिसली की कोणाच्या डोळ्यांत काय चमकते हे सांगायला नको.

भारत टेनिसमध्ये पुढे येतो तो बहुधा दुहेरीत, याचेही मूळ यातच आहे असे मला वाटते. टेनिस हा खेळ आशियाई स्पर्धांत १९५८ साली टोकियो येथे आला. भारताला पहिले सुवर्ण मिळण्यास १९९४ उजाडले. हिरोशिमाला लिअँडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी पुरुष दुहेरी जिंकली आणि सांघिक सुवर्णही आले. तेव्हापासून हांगझोऊपर्यंतच्या दहा सुवर्णांपैकी आठ दुहेरीची किंवा मिश्र दुहेरीची, एक सांघिक आणि एकेरीचे केवळ एक. दुहेरीला कौशल्य कमी लागते असे म्हणण्याचा हेतू नाही. हांगझोऊला बोपण्णा ४३ वर्षांचे होते आणि त्यांचा हात व डोळा पाहण्याजोगा होता. परंतु एकेरीचा खेळाडू घडविणे ही वर्षानुवर्षांची, खर्चाची गोष्ट आहे. जगभरच्या छोट्या स्पर्धांत हिंडून गुण मिळवावे लागतात. विमानभाडे, निवास आणि सोबतच्या प्रशिक्षकाचे मानधन खिशातून जाते. आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला मिळणारी रक्कम या खर्चाच्या जवळपासही येत नाही.

सुमित नागल यांची कथा यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हांगझोऊच्या स्पर्धेच्या तोंडावर, सप्टेंबर २०२३ मध्ये, एकेरीतील भारताच्या या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने वृत्तसंस्थेला सांगितले की आपल्या बँकेच्या खात्यात केवळ ९०० युरो उरले आहेत. एक प्रशिक्षक सोबत घेऊन वर्षभर खेळण्याचा खर्च त्यांनी ८० लाख ते १ कोटी रुपये सांगितला. तो भागत होता तो बक्षिसाच्या रकमेतून, एका न्यासाच्या मदतीतून आणि इंडियन ऑईलच्या पगारातून. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम मोडीत काढा असा घोष करणाऱ्यांनी हा शेवटचा तपशील जरूर वाचावा. हांगझोऊला नागल उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चांग चिचेन यांच्याकडून हरले आणि चांग पुढे सुवर्णपदक घेऊन गेले. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नागल यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत ३१ व्या मानांकित खेळाडूला हरविले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरविण्याचा असा प्रसंग १९८९ नंतर प्रथमच आला होता. मग सर्वांना ते आठवले.

येथे आपल्याच चळवळीतील काही साथी म्हणतील, की हा साहेबांचा खेळ आहे, त्याचे दुःख समाजवाद्यांनी का करावे? कबड्डी, खो-खो, लंगडी हे आपले खेळ. त्यांना ना रॅकेट लागते ना जाळे. सेवादलाच्या शाखेवर घाम गाळलेल्या माणसाला हा युक्तिवाद पटकन पटतो, आणि एके काळी मलाही तो पटे. पण त्यातील खोट हळूहळू ध्यानात आली. टेनिस श्रीमंतांचे झाले ते कसे, याचा इतिहास आपण तपासलेला नाही.

हा खेळ येथे गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आला. जिमखान्यांच्या हिरवळीवर एतद्देशीयांना प्रवेश होता, पण कोणत्या नात्याने? चेंडू वेचणारी पोरे, हिरवळ राखणारे माळी आणि 'मार्कर'. मार्कर म्हणजे पगार घेऊन सभासदांबरोबर खेळणारा, त्यांना खेळ शिकविणारा माणूस. बऱ्याच क्लबांत कोर्टावरील सर्वांत तयारीचा खेळाडू तोच असे. परंतु खेळासाठी पैसा घेतो म्हणून तो 'हौशी' ठरत नसे आणि मोठ्या स्पर्धांची दारे त्याला बंद होती. विम्बल्डननेही व्यावसायिकांना प्रवेश दिला तो १९६८ मध्ये. हौशीपणाची ही थोरवी पुष्कळांना आजही हळवे करते. ज्याच्या घरी पिढीजात उत्पन्न आहे तोच शुद्ध खेळाडू आणि ज्याला पोटासाठी खेळावे लागते तो भ्रष्ट, असा तिचा सरळ अर्थ होता. वेदाधिकाराचा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. चेंडू वेचणाऱ्या पोरांच्या मनगटात हा खेळ उतरत होता. नियमांनी तो तेथेच अडविला. अशा खेळाकडे पाठ फिरविणे म्हणजे त्या नियमांचा निकाल कायम करणे होय.

पैसा नाही हे कारणही पुरते खरे नाही. पैसा खर्च होतो, तो पंधरवड्यासाठी. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा टेनिसचे सामने हौज खासच्या स्टेडियमवर झाले. त्या वर्षी राजधानीत स्टेडियमे, उड्डाणपूल, हॉटेले आणि क्रीडाग्राम उभारण्यासाठी परप्रांतांतून मजूर आणले गेले. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. त्यातून जमादार माणशी एक रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले, त्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारच आहे. लोकहित याचिकांच्या इतिहासातील हा थोर निर्णय क्रीडास्पर्धेच्या पायाभरणीतून निघाला, ही गोष्ट क्रीडाविषयक लिखाणात क्वचितच येते. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीत भरल्या, त्याच संकुलात पुन्हा टेनिस झाले, आणि बांधकाम मजुरांच्या वेतनाचे व निवाऱ्याचे गाऱ्हाणे पुन्हा न्यायालयात गेले. ज्या बायामाणसांनी या वास्तू उभारल्या, त्यांच्यापैकी किती जणांची मुले पुढे तेथे खेळली असतील?

महाराष्ट्राचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी संकुल उभे राहिले. तेथे २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्यांत युकी भांब्री या किशोराने टेनिसचे सुवर्ण जिंकले. पुढे २०१८ पासून राज्य सरकारच्या पाठबळाने एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा पाच वेळा भरली आणि २०२३ नंतर ती हाँगकाँगला निघून गेली. ती गेली याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते याचे, की ती असताना तिच्या झगमगाटालाच आपण टेनिसचा प्रसार समजलो. मुंबईत तर मोकळी मैदाने देखभालीच्या नावाखाली खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण निघाले, आणि काही ठिकाणी दत्तक गेलेल्या लेकराने क्लबाचे प्रवेशशुल्क लावून सख्ख्या आईबापांनाच दाराबाहेर उभे केले.

सरकारने खेळ हाती घ्यावा म्हणजे काय, याविषयीही आपल्या मनात स्पष्टता हवी. चीनने तो हाती घेतला होता. तेथे लहान वयात मुले निवडून सरकारी शाळांत ठेवली जात, प्रशिक्षक आणि स्पर्धा क्रीडाखाते ठरवी आणि बक्षिसाच्या रकमेतील मोठा वाटा खातेच घेई. ली ना हिने या व्यवस्थेशी झगडा केला. २००८ च्या अखेरीस तिला आणि आणखी काही जणींना आपला प्रशिक्षक व आपले वेळापत्रक ठरविण्याची मुभा मिळाली; २०११ मध्ये ती फ्रेंच स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी पहिली आशियाई खेळाडू ठरली. हांगझोऊला महिला एकेरी जिंकणारी चेंग चिन्वेन पुढच्याच वर्षी पॅरिसला ऑलिंपिक सुवर्णापर्यंत गेली. येथून 'बघा, सरकारने हात काढले आणि यश आले' असा निष्कर्ष काढणारे काढतील. पण मुभा मिळाली तेव्हा ली ना छब्बीस वर्षांची, तयार खेळाडू होती; ती तयारी ज्या सार्वजनिक कोर्टांवर झाली ती काही बाजाराने बांधलेली नव्हती. खेळाडूच्या आयुष्यावर सरकारची मालकी नको आणि मैदानावर मात्र जनतेची हवी, एवढा विवेक आपल्याला ठेवता आला पाहिजे.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला भरणार असे ठरले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकची स्वप्ने रंगविली जात आहेत. पुन्हा सिमेंट येईल, पुन्हा मजूर येतील. १९८२ च्या निर्णयात ज्या कंत्राटी आणि स्थलांतरित मजूर कायद्यांचा आधार होता, ते आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. तेव्हा कामगार संघटनांनी पहिल्या दिवसापासून मस्टरवर नजर ठेवली पाहिजे. आणि ज्या संकुलांवर पैसा याआधीच खर्च झाला आहे त्यांच्याबाबत आपण आजच मागणी करू शकतो. सार्वजनिक पैशांनी बांधलेल्या प्रत्येक कोर्टाचे वेळापत्रक आणि भाडे दारावर लावावे. सकाळचे दोन तास महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलामुलींना विनामूल्य द्यावेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. रॅकेटी आणि चेंडू संकुलाने पुरवावेत. सत्काराच्या शामियान्याला याहून अधिक खर्च येतो. विद्यापीठांनी दुचाक्या हलवून कोर्टे मोकळी करावीत आणि टेनिसच्या शिष्यवृत्त्या सुरू कराव्यात, म्हणजे श्रीरामपूरच्या पुढच्या मुलीला त्यासाठी टेक्सास गाठावे लागणार नाही. आपल्या जिल्हा शाखांनी निदान एवढे करावे: आपल्या गावात सरकारी खर्चाने बांधलेली किती कोर्टे आहेत, त्यांची किल्ली कोणाकडे असते आणि गेल्या वर्षी तेथे कोण खेळले, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी आणि या साप्ताहिकाकडे पाठवावी. आम्ही ती छापू.