गोळीचे नाव आपल्या लिपीत

सीमाभागातील मराठी घरांत गोळ्यांना नावे नसतात, कामे असतात. ‘तापाची गोळी’, ‘सर्दीची गोळी’, ‘अंगदुखीची गोळी’. बोलण्यास हे सोयीचे खरे. परंतु या नामकरणात दडलेला धोका आम्ही जवळून पाहिला आहे.

आमच्या परिचयातील एक वृद्ध माउली तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेत होत्या, शिवाय सर्दीची गोळी तीन वेळा. दोहोंतही पॅरासिटामॉलच होते. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढासही चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडता येत नाही. कृश वृद्धांना व यकृतविकार असणाऱ्यांना ती त्याहून कमी. नातवाने पाकिटे वाचली म्हणून अनर्थ टळला. मात्रा अधिक झाल्यास पहिल्या दिवशी लक्षणे दिसतीलच असे नाही. म्हणून बरे वाटत असले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

डॉक्टर कन्नड बोलले, पाकीट इंग्रजी बोलले, माउलींना मराठीच येत होती. कन्नडशी आमचे वैर नाही. शेजारच्या कन्नड आजींनाही ते पाकीट तितकेच मुके आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. गाऱ्हाणे मराठीत मांडता येते, मात्र औषधाची सूचना मराठीत मिळत नाही, ही विसंगती आम्हांस मान्य नाही. सीमाभागातील सरकारी दवाखान्यांत प्रत्येक गोळीसोबत कन्नड व मराठीत दोन ओळींची चिठ्ठी मिळावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर घरचे काम घरी करावे. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा घटकाचे नाव व मुदतीची तारीख बहुधा कापली जाते; ती विचारून पाकिटावर मराठीत लिहावी. गोळ्या सुट्या डब्यात ओतू नयेत. चुलीजवळ वा न्हाणीघरात ठेवू नयेत. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात ठेवाव्यात. आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक उपाशीपोटी घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण वा रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच नाही. डेंग्यूची शंका असता या गोळ्या व ॲस्पिरिन टाळावे. मुलांच्या तापात ॲस्पिरिन देऊच नये.

भाषेचा लढा आम्ही पाट्यांसाठी लढलो. औषधाच्या पाकिटावरील चार अक्षरेही त्याच लढ्याचा भाग आहेत.