कोच कोणासाठी?

परप्रांतातील आपल्या मंडळांना एक खोड जडली आहे. सभा बोलवावयाची विचारविनिमयासाठी आणि खुर्च्या मांडावयाच्या नाटकासारख्या! पुढे कोच, त्यावर सहसचिव नि उपसचिव. मागे गादीच्या खुर्च्यांवर अवर सचिव. आणि पार भिंतीलगत लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर आम्ही कारकून. कार्यालयातला ज्येष्ठताक्रम संध्याकाळीही आमची पाठ सोडत नाही. वर्गणी मात्र सर्वांना सारखी.

खुर्चीच्या जागेला इतके महत्त्व कशाला, असे कोचावरून विचारले जाते. १९४१ साली जर्मन बाँबहल्ल्यात ब्रिटनचे कॉमन्स सभागृह उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बांधण्याचा प्रश्न १९४३ मध्ये निघाला, तेव्हा चर्चिल यांनी अर्धवर्तुळ नाकारून समोरासमोरच्या बाकांचा आग्रह धरला; दोन पक्षांची झुंज त्यांना लाकडात पक्की करून हवी होती. व्हिएतनामविषयी पॅरिसला भरलेल्या वाटाघाटी तर मेजाच्या आकारावरून कित्येक आठवडे अडल्या आणि जानेवारी १९६९ मध्ये गोल मेजावर एकमत झाल्यावरच पुढे सरकल्या. जग त्या वेळी हसले असेल. आम्ही हसणार नाही. चौकोनी मेजाला बाजू असतात, आणि पक्ष दोन की चार हाच तेथला वाद होता.

व्याख्यानाला रांगा शोभतात. तेथे एकाने बोलावयाचे नि बाकीच्यांनी ऐकावयाचे असते. हिशेबाच्या सभेत मात्र रांगेतल्या सभासदाला पुढच्याच्या मानेखेरीज काही दिसत नाही. आमच्या माहितीच्या एका मंडळाचे ग्रंथालय कचेऱ्या सुटण्यापूर्वीच बंद होते. ही तक्रार शेवटच्या रांगेतून लागोपाठ तीन वर्षे झाली. इतिवृत्तात तिची एक ओळही नाही, कारण चिटणीसांना ती ऐकूच गेली नाही म्हणे! ध्वनिक्षेपक अर्थातच व्यासपीठावर होता.

नालाकृती मांडणीला जागा अधिक लागते, हे आम्हांला मान्य आहे. दोनशे श्रोत्यांना ती परवडणार नाही. पण वार्षिक सभेला आपले चाळीस सभासद तरी जमतात काय? खुर्च्या अपुऱ्या पडल्या तर सतरंज्या अंथराव्यात. पंगतीला समोरासमोर बसून जेवणाऱ्यांना त्यात कमीपणा कसला?

येत्या वार्षिक सभेपासून नालाकृती मांडणी करावी, आधी येईल त्याने हवी ती जागा घ्यावी, आणि हिशेबाची वही मध्यभागी उघडी ठेवावी. कोच टाकवत नसेल तर चहाच्या मेजाजवळ न्यावा.