गणपतीला गावी येताना जमिनीचे कागद सोबत आणा

मुंबई-पुण्याहून गणपतीला रत्नागिरी-सिंधुदुर्गात येणाऱ्या चाकरमान्यांना आणि गावातल्या सगळ्या भावकीला आमची हात जोडून विनंती आहे. सगळं घराणं एका माजघरात जमतं असे वर्षातले दिवस हेच. चतुर्थीला कार्यालयं बंद असतात, पण विसर्जनापर्यंत कामाचा एखादा दिवस मिळतोच. तो जमिनीच्या नोंदीसाठी राखून ठेवा.

आपल्याकडचे सातबारे बघा. आजोबा वारून तीस-चाळीस वर्षं झाली तरी नाव त्यांचंच. नाहीतर थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकीच्या भावंडांचा पत्ताच नाही. घरात सलोखा आहे तोवर कोणाचं काही अडत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा मोबदला वाटायची वेळ आली, तेव्हा कितीतरी घरांना याची झळ लागली. कागदावरचा माणूस हयात नाही, आणि हयात असलेल्याचं नाव कागदावर नाही.

दुसरं दुखणं पेटीतल्या कागदांचं. स्टॅम्प पेपरवर खरेदी लिहिलेली, पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, पैसेही पूर्ण दिलेले. कळकळीने सांगतो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदलेल्या दस्तानेच पुरी होते, आणि 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे न नोंदलेल्या खरेदीने मालकी तुमच्याकडे येत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या जागेचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांपुढे हजर करायचा. अडचण आली तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. तीही मुदत गेली असेल तर लिहून देणारा हयात आहे तोवर नवा दस्त करून घ्या. त्याच्या मागे त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करणं किती जड जातं, हे आम्ही नोकरीत फार जवळून पाहिलं आहे.

दस्त नोंदला की ‘सूची दोन’ हातात येते आणि लोक निश्चिंत होतात. तिथे थांबू नका. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मंजुरीनंतर नवा सातबारा काढून नाव, क्षेत्र, हिस्सा नीट वाचा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मात्र नुसत्या सातबारावर विसंबून दस्ताकडे दुर्लक्ष करू नका. मालकी दस्ताने मिळते, फेरफार ही महसुली नोंद. दोन्ही हवंच.

वारसनोंदीला दस्त लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्यायचा. ऑनलाइनही देता येतो. कायद्याने तीन महिन्यांत कळवायला हवं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम याचसाठी काढली होती.

सर्व वारस म्हणजे बहिणीसुद्धा. त्यांची नावं गाळून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं असतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मतः आहे, आणि 2005 ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नव्हते म्हणून तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. गौरीला माहेरपणाला आलेल्या बहिणीसमोर जेवणं उरकल्यावर हक्कसोडपत्र ठेवून ‘सही कर’ म्हणण्याची रीत आपल्या गावांत आहे. ती बंद करा. तिला सोडायचं असेल तर ती सोडील, पण आधी कागद तिला वाचून दाखवा, घरी न्यायला द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि तिने सही दिली नाही तरी वारसनोंद अडत नाही. सगळ्यांची नावं लागतात, इतकंच.

निघण्याआधी घरातल्या मयतांचे दाखले, जुने फेरफार, खरेदीखतं आणि प्रत्येकाचं आधार कार्ड पिशवीत भरा. ज्यांना येणं जमणार नाही त्यांचे पूर्ण पत्ते लिहून आणा, कारण नोटीस त्यांनाही जाते. दस्त करायचा असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ आधीच आरक्षित करा. अर्ज भरायला किंवा जुना उतारा वाचायला मदत हवी असेल, तर गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत आम्ही बसणार आहोत. कोणाकडूनही पैसे घेणार नाही.

— गावातील निवृत्त महसूल व नोंदणी कर्मचारी