मशेरीची डबी आजच फेका

दवाखान्यात विचारतात, "तंबाखू खाता का?" बाई ठामपणे "नाही" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तंबाखू खातात गडीमाणसं. ती फक्त दात घासते. सकाळी चहाच्या आधी, दुपारी भांडी आटोपल्यावर, रात्री निजण्यापूर्वी. केसपेपरवर "व्यसन नाही" असं लिहिलं जातं आणि तोंड उघडून बघायचं राहून जातं.

मायबहिणींनो, मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, चुरून डबीत भरली, म्हणून तिच्यातलं निकोटीन संपत नाही. उलट भाजताना कर्करोगाला कारण होणाऱ्या द्रव्यांत भरच पडते. बोटाने चोळलेली ती पूड हिरडीला आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीला चिकटून राहते, रोज, वर्षानुवर्षं. म्हणे हलणारे दात बसतात. बसत नाहीत, ठणका तेवढा बधिर होतो, आणि हिरडी मात्र दाताला सोडत जाते. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नाही, पण तेही निकोटीनचंच काम. आतड्यांना त्याची सवय लागलेली असते.

पोटुशी बाईने तर चिमूटभरही लावू नये. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. दात येणाऱ्या तान्ह्याच्या हिरडीला मशेरीचं बोट लावणाऱ्या आज्या अजूनही आहेत. त्यांना सुनेने नको, लेकाने अडवावं.

आज एवढं करा. उजेडात आरसा धरून गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेखाली नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट लागताच होणारी आग, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीला ते दुखत नाही, म्हणूनच घात होतो. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेबरोबर तोंडाचीही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. आणि आशाताईंनो, तुम्ही "तंबाखू खाता का" एवढ्यावर थांबू नका; "मशेरी लावता का" असं स्पष्ट विचारा.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस जड जातात. डोकं धरतं, चिडचिड होते, शौचाला होत नाही. सकाळी उठल्याउठल्या कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा, ब्रश नाहीतर कडुनिंबाची काडी वापरा, तलफ आली की बडीशेप चघळा. तीन-चार आठवड्यांत तलफ बरीच ओसरते. तेवढे दिवस घरच्यांनी तिच्या तुटक बोलण्याचा राग धरू नये. तळहातावर चुना मळत बायकोला "मशेरी सोड" म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःची पुडी टाकावी. त्यांचं कोण ऐकणार?

एकटीला जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीला फोन करा. पैसे पडत नाहीत. नंबर लावून द्यायला शाळेत जाणारी नात पुरेशी आहे.