भोरड्यांचा थवा

पौषातील सायंकाळ. औंढा नागनाथच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आलेली असते. दिवसभराचे काम उरकून माणसे गावाकडे परतू लागतात. अशा वेळी कधी आकाशात एक काळसर ढग दिसतो. क्षणात तो लांबतो, क्षणात गोळा होतो, खाली झेपावतो आणि पुन्हा उसळून वर जातो. तो ढग नसतो. तो हजारो भोरड्यांचा थवा असतो. वाटसरू कौतुकाने थबकतो. शेतकऱ्याच्या मनात मात्र काळजी दाटून येते. कारण हाच थवा सकाळी कणसांवर उतरणार असतो.

भोरडी ही मैनेच्या कुळातील. अंग फिकट गुलाबी. डोके, पंख व शेपटी काळीभोर. पूर्व युरोप आणि मध्य आशिया हे तिचे माहेर. पावसाळा सरता सरता ती आपल्याकडे येते आणि उन्हाळ्यात परत जाते.

एवढे पक्षी एकत्र वळतात, तरी परस्परांवर आदळत कसे नाहीत? रोम शहरावर उतरणाऱ्या, भोरडीच्याच भाऊबंद पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रे घेऊन इटलीतील शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. २००८ साली त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक पक्षी साऱ्या थव्याकडे पाहत नाही. जवळच्या सहा-सात सोबत्यांकडेच लक्ष ठेवतो. थव्याला कोणी सेनापती नसतो. प्रत्येकाने शेजाऱ्याचे भान राखले, की सर्वांची चाल एक होते आणि ससाण्याला एकटे सावज सापडणे अवघड जाते.

पण पोटासाठी राबणाऱ्या शेतकऱ्याला हे कौतुक कसे पुरावे? भोरडी ज्वारीची नासधूस करते, हे खरेच आहे. म्हणून तिला मारून टाकावे काय? चीनमध्ये १९५८ साली धान्य वाचवण्यासाठी चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. चिमण्या संपल्या, कीड माजली आणि पिकांची हानी वाढली. १९६० साली चिमण्या मारणे थांबवावे लागले. त्याच देशातील शिनजियांग प्रांतात आज टोळांचा नाश व्हावा म्हणून भोरड्यांसाठी दगडांची घरटी रचून देतात! आपल्याकडेही ही पाहुणी केवळ दाणे टिपत नाही. किडेही खाते, आणि पळस-सावरीच्या फुलांतील मध चाखताना परागही वाहून नेते. म्हणून तर तिला पळसमैना हेही नाव आहे.

तेव्हा पीक राखावे, पाखरू मारू नये, हाच योग्य मार्ग होय. माळ्यावरची आरोळी, गोफणीचा आवाज, पत्र्याचा डबा ही साधने आपल्या पूर्वजांनी याचसाठी वापरली. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. रस्त्यावर उभे राहून थवा पाहणाऱ्याचे काहीच जात नाही. त्या शोभेची किंमत शेतकरी मोजतो. ज्याला थवा हवासा वाटतो, त्याने सुट्टीच्या सकाळी शेजाऱ्याच्या माळ्यावर चढून चार आरोळ्या द्याव्यात. केवळ उपदेशाने पीकही वाचत नाही आणि पाखरूही वाचत नाही.

याच औंढ्यात संत नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असे परंपरा सांगते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कष्टाने शेती करणाऱ्याकडून तेवढ्या औदार्याची अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे. परंतु पोळी जपावी आणि कुत्र्याचा जीवही घेऊ नये, एवढे तर प्रत्येकाला साधण्यासारखे आहे. सहा-सात शेजाऱ्यांचे भान एका पाखराला राखता येते. माणसाला ते का राखता येऊ नये?