जनावराचा भाव आणि धन्याची नड

जनावरांच्या बाजाराची बातमी वृत्तपत्रांत येते ती बहुधा विक्रमाची. २०२० साली सांगली जिल्ह्यातील एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली आणि मालकाने ती नाकारली, हे वृत्त देशभर गाजले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींचे कायदे वैध ठरविले; तेव्हापासून शर्यतीच्या खोंडांचे लाखांतील सौदेही चवीने छापले जातात. अशा बातम्या वाचून शहरी वाचकाचा समज होतो की, पशुपालकाला सुगीचे दिवस आले आहेत. परंतु सांगोल्याच्या रविवारच्या किंवा घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात हातात दावे धरून उभा असलेला सामान्य शेतकरी या विक्रमांच्या जगात राहत नाही. त्याच्या नांगराच्या बैलाला, भाकड गाईला वा धनगराच्या दहा-पाच मेंढरांना काय भाव मिळाला आणि तो कोणत्या परिस्थितीत पत्करावा लागला, हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा खरा प्रश्न आहे. त्याची बातमी होत नाही.

हा भाव ठरतो कसा? धान्याच्या आडतीवर निदान बोली तोंडाने होते. जनावरांच्या बाजारात अनेक ठिकाणी अजूनही उपरण्याखाली हात धरून, बोटे दाबून सौदा होतो. हेडी जनावराचे दात पाहतो, दुसा की चौसा ते ठरवतो, चालवून पाहतो, खोड काढतो. दलाल दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि बहुधा दोघांकडून घेतो. शेजारच्या दावणीला तशाच बैलाचा सौदा कितीला तुटला, हे विकणाऱ्याला कळू नये, हीच त्या उपरण्याची योजना. हेडी वर्षाला पन्नास बाजार करतो. शेतकरी दोन-चार वर्षांतून एकदा बैल घेऊन येतो. दोघांच्या माहितीत एवढे अंतर असताना त्या व्यवहाराला खुला बाजार म्हणणे धाडसाचे आहे. महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा १९६३ साली झाला आणि जनावरेही त्याच्या कक्षेत आली. समित्या पावती फाडतात, फी वसूल करतात. पण कांद्याच्या आवारात फलकावर लागणारे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर जनावरांच्या आवारात क्वचितच दिसतात.

तथापि केवळ उपरणे काढून टाकल्याने न्याय मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बाजारात आणलेले जनावर संध्याकाळी परत घरी नेण्याची ज्याची ऐपत आहे, त्यालाच भाव मिळतो. ज्याला ते परत नेता येत नाही, त्याची नड भाव ठरविते. म्हणूनच कसलेला हेडी बैलाचे दात पाहण्यापूर्वी धन्याचा चेहरा पाहतो. घरी चारा आहे काय, सोसायटीचे कर्ज थकले आहे काय, मुलीचे लग्न तोंडावर आले आहे काय, हे त्याला त्या चेहऱ्यावर वाचता येते. पेरणीच्या तोंडाला बैल घेणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा भाव चढतो. सुगी संपून चारा आटू लागला की विकणाऱ्यांची गर्दी होते आणि भाव पडतो. ज्याच्या गोठ्यात कडब्याची गंज आहे तो ही वेळ निभावून नेतो. ज्याच्याकडे ती नाही तो स्वस्तात विकतो आणि महागात घेतो. दोन एकर कोरडवाहू जमिनीचा धनी पिढ्यान्‌पिढ्या याच चक्रात फिरत आला आहे.

दुष्काळात हे चक्र उघडे पडते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे पाहिले, २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा पाहिले. चारा छावण्यांकडे दानधर्म म्हणून पाहण्याची सरकारी वृत्ती आहे. वस्तुतः वेळेवर उघडलेली छावणी म्हणजे शेतकऱ्याची बाजारातून परतण्याची ऐपत. छावणी उशिरा उघडली, तर तोवर गोठा मातीमोल भावाने रिकामा झालेला असतो, आणि पाऊस पडल्यावर तोच शेतकरी बैलासाठी सावकाराच्या दारात उभा राहतो. २०२२ मध्ये लम्पी रोगामुळे सरकारने जनावरांचे बाजार बंद केले. साथ रोखण्यासाठी ते आवश्यकच होते; परंतु बाजार बंद असताना नड मात्र बंद होत नाही, याचा विचार त्या निर्णयात नव्हता.

मेंढपाळाची स्थिती याहून अवघड आहे. मेंढरांचा कळप ही धनगर कुटुंबाची पेढी आहे. अडीअडचणीला त्यातून दोन नग काढायचे आणि गरज भागवायची. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आता गिऱ्हाईक उरलेले नाही. पूर्वी शेतात मेंढ्या बसविण्याबद्दल धान्य मिळे, तेही कमी होत चालले आहे. चराईची राने वनखात्याच्या कुंपणात गेली. सरकारी वनखात्याने शेतकऱ्यांची गायराने बळकावल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती, ती आजही शिळी झालेली नाही. अशा वेळी उरते ते केवळ मांस, आणि ते विकले जाते नगावर, उक्त्या भावाने. खाटीक मेंढराच्या पाठीवरून हात फिरवून त्याचे वजन अचूक ताडतो, कारण दुकानात तो ते किलोने विकणार असतो. विकणाऱ्याला मात्र वजनकाटा नाही. बकरी ईदचा आठवडा हाच मेंढपाळाला वर्षातून एकदा बरा भाव देणारा. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवून ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत, असे सुचविले. हेतू गोवंशाच्या रक्षणाचा सांगितला गेला. पण बाजार बंद झाला तर शेळ्यामेंढ्यांचाही बंद होतो, हे पत्र लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही, किंवा त्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते.

येथे प्रश्न कायद्याकडे वळतो. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या हत्येस बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीखाली आले. निरुपयोगी झालेल्या बैलांच्या हत्येवर संपूर्ण बंदी घालणे वाजवी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली म्हटले होते. २००५ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने म्हातारा बैलही शेणामुताने उपयोगी असतो, या कारणासह गुजरातची बंदी वैध ठरविली. कायद्याचा अर्थ न्यायालय लावील. बैलाच्या वैरणीचा खर्च मात्र न्यायालय भरत नाही. पूर्वी म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नव्या खोंडाच्या किमतीचा काही भाग उभा राहत असे. शेवटचा गिऱ्हाईक नाहीसा झाला की घसरण त्या एका बैलापुरती राहत नाही. सगळ्या भावांच्या तळाचा आधारच जातो. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला आणि मादी १८ टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आणि संकरित गाई ही त्याची मोठी कारणे आहेत, हे खरे. परंतु ज्या नराला ना काम आहे ना गिऱ्हाईक, त्याला शेतकरी कशाच्या बळावर पोसणार?

गाईबैलांविषयीची ममता शेतकऱ्याला कोणी शिकवावी, अशी स्थिती नाही. पोळ्याला आणि बेंदराला बैलाच्या पाया पडणारा तोच आहे. परंतु त्याच्या ममतेचे बिल त्याच्या एकट्याच्या नावावर फाडणे हा अन्याय आहे. समाजाला म्हातारा बैल जगावा असे वाटत असेल, तर त्याच्या चाऱ्याचा खर्च समाजाने उचलावा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांना अशा गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरविले. गोशाळेत गेलेल्या गाईला ५० रुपये आणि शेतकऱ्याच्या दावणीला असलेल्या भाकड जनावराला काहीच नाही, हे गणित कोणत्या नीतीत बसते?

शिवाय रस्त्यांवर स्वयंघोषित रक्षकांच्या टोळ्या आहेत. पावती असलेले जनावर अडवायचे, गाडीवाल्याला मारायचे, हे प्रकार नवे नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी याला कंटाळून खरेदीच थांबविली, तेव्हा दावणीला जनावरे धरून उभ्या राहिलेल्या हिंदू शेतकऱ्याला कळून चुकले की, रस्त्यावरची भीती शेवटी त्याच्याच भावातून वजा होते. व्यापारी आपली जोखीम किमतीतून कापून घेतो. धर्माच्या नावाने चाललेल्या या दहशतीचा कर गरीब कुणबी आणि धनगरच भरीत आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक बाजारात उघड लिलाव, मेंढरांसाठी वजनकाटा आणि दरांचा फलक. टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता उघडणारी चारा केंद्रे आणि जनावर न विकता नड भागविणारे सहकारी कर्ज. बैलांवरील बंदीचा फेरविचार, आणि तो होईपर्यंत निरुपयोगी जनावर रास्त भावाने विकत घेण्याची सरकारवर सक्ती. पावतीच्या जनावराला रस्त्यावर संरक्षण. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या बाजारात महिनाभर बसून सौदे टिपून ठेवले आणि ते गावोगाव वाचून दाखविले, तरी उपरण्याखालचा भाव उघड्यावर येऊ लागेल. शेतकरी, मेंढपाळ आणि खाटीक यांना परस्परांविरुद्ध उभे करणारे राजकारण जोरात आहे. या तिघांचे पोट एकाच बाजारावर आहे, हे त्यांना पटवून देण्याचे काम त्याच बाजारात उभे राहून करावे लागेल.